जमिनीच्या कागदावरील इंग्रजी शब्द : काय दिले, काय उरले?



कीटकनाशकाची बाटली हातात घेतल्यावर आपण प्रथम तिच्यावरील त्रिकोण पाहतो. त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा यावरून औषध किती विषारी आहे ते कळते आणि त्याप्रमाणे आपण काळजी घेतो. जमिनीच्या कागदावर असा रंगीत त्रिकोण छापलेला नसतो. तेथे एखादाच शब्द असतो, आणि त्या शब्दावरून जमीन आपली राहिली की गेली हे ठरते. हा शब्द पुष्कळदा इंग्रजी असतो.

महाराष्ट्रात दुय्यम निबंधकांकडे नोंदले जाणारे बहुतेक दस्त मराठीत असतात हे खरे. तरीही बँकेचे कर्जाचे कागद, सौर किंवा पवनऊर्जा कंपनीचा करार, परदेशी राहणाऱ्या मुलाने पाठविलेले अधिकारपत्र, वकिलाचा मसुदा हे सर्व इंग्रजीत येऊ शकतात. शिवाय बोलण्यात तर सेल डीड, गिफ्ट डीड, रिलीज, पॉवर हे शब्द आता गावोगाव रुळले आहेत. शब्द रुळला म्हणजे त्याचा अर्थ कळला असे मात्र नाही. म्हणून या लेखात मालकी दुसऱ्याच्या नावे करताना येणारे इंग्रजी शब्द धड्याच्या पद्धतीने पाहू. प्रत्येक शब्दापाशी एकच प्रश्न विचारावयाचा आहे : सही केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हाती काय उरले?

१) ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

शाळेत शिकलेले काही इंग्रजी शब्द जमिनीच्या कागदावर निराळ्या अर्थाने येतात. ते प्रथम समजून घ्यावेत.

डीड : शाळेत याचा अर्थ कृती असा शिकलो. येथे डीड म्हणजे दस्त किंवा खत.

इन्स्ट्रुमेंट : म्हणजे अवजार नव्हे. हक्क निर्माण करणारा, देणारा किंवा संपविणारा लेख म्हणजे इन्स्ट्रुमेंट.

कन्सिडरेशन : म्हणजे विचार नव्हे. येथे त्याचा अर्थ मोबदला. विदाउट कन्सिडरेशन म्हणजे अविचाराने नव्हे, तर मोबदल्याशिवाय.

टायटल : म्हणजे पुस्तकाचे नाव नव्हे. मालकीहक्क.

इंटरेस्ट : बँकेच्या पासबुकात याचा अर्थ व्याज. दस्तात मात्र जमिनीतील हक्क किंवा हितसंबंध. राइट, टायटल अँड इंटरेस्ट असे तीन शब्द एकत्र आले की सर्व प्रकारचा हक्क असे समजावे.

एक्झिक्यूट : दस्त करून देणे, म्हणजेच सही करून तो पुरा करणे.

कन्व्हे : कळविणे असा अर्थ येथे नाही. मालकी दुसऱ्याकडे सोपविणे. त्यावरूनच कन्व्हेयन्स डीड, अभिहस्तांतरणपत्र, हा शब्द आला.

एन्कम्ब्रन्स : जमिनीवरील बोजा. फ्री फ्रॉम एन्कम्ब्रन्सेस म्हणजे बोजारहित. सोसायटीचे कर्ज उभे असताना असे वाक्य लिहून देणे म्हणजे खोटी हमी देणे होय.

पझेशन : ताबा किंवा कब्जा. ताबा आणि मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शेड्यूल : वेळापत्रक नव्हे. दस्ताच्या शेवटी गट क्रमांक, क्षेत्र, आकार व चतुःसीमा यांचे जे वर्णन असते ते. दस्तातील इतर मजकूर कितीही बरोबर असला तरी येथे गट क्रमांक चुकला तर पुढे मोठा त्रास होतो. म्हणून शेड्यूल सातबाराशी ताडून पाहावे.

२) देणारा कोण, घेणारा कोण?

इंग्रजी दस्तात देणाऱ्याची व घेणाऱ्याची नावे जोडीने येतात. ती ओळखण्याची एक सोपी खूण आहे. शब्दाच्या शेवटी ‘र’ ऐकू आला तर तो देणारा आणि ‘ई’ ऐकू आली तर तो घेणारा.

डोनर – बक्षीस देणारा; डोनी – बक्षीस घेणारा.
लेसर – भाड्याने देणारा. लेसी – भाड्याने घेणारा.
ट्रान्स्फरर – हस्तांतर करून देणारा. ट्रान्स्फरी – हस्तांतर घेणारा.
मॉर्गेजर – गहाण देणारा. मॉर्गेजी – गहाण घेणारा.

शेवटच्या जोडीत अनेकांची गल्लत होते. बँक कर्ज देते, म्हणून बँक मॉर्गेजर असावी असे वाटते. परंतु येथे कर्ज नव्हे, गहाण मोजावयाचे असते. जमीन गहाण देतो शेतकरी, म्हणून शेतकरी मॉर्गेजर व बँक मॉर्गेजी.

विक्रीत मात्र जोडी निराळी आहे. विकणारा तो व्हेंडर किंवा सेलर आणि विकत घेणारा तो पर्चेसर. येथे दोन्ही शब्द ‘र’ ने संपतात, तेव्हा वरील खूण लावू नये.

आणखी दोन शब्द सारखे ऐकू येतात. एक्झिक्युटंट म्हणजे दस्त लिहून देणारा. एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक, ज्याने मृत्युपत्राप्रमाणे वाटप करावयाचे असते.

३) जमीन एकच, कागद अनेक

मालकी म्हणजे अनेक हक्कांची मोळी आहे. कसण्याचा हक्क, भाड्याने देण्याचा हक्क, गहाण ठेवण्याचा, विकण्याचा आणि मुलाबाळांसाठी मागे ठेवण्याचा हक्क, असे हे हक्क होत. कोणता कागद केला यावरून संपूर्ण मोळी गेली की त्यातील एखादी काडी गेली हे ठरते. समजा, एका शेतकऱ्याकडे स्वकष्टार्जित चार एकर जमीन आहे. त्याच चार एकरांवर निरनिराळे कागद करून पाहू.

*(अ) सेल डीड – खरेदीखत.* मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्री म्हणजे किंमत देऊन, देण्याचे वचन देऊन, किंवा काही देऊन व काहीचे वचन देऊन केलेले मालकीचे हस्तांतर. शंभर रुपये व त्यापुढील किमतीच्या जमिनीसाठी नोंदणीकृत दस्त आवश्यक आहे. अब्सोल्यूट सेल म्हणजे कायम खरेदी. येथे संपूर्ण मोळी जाते.

कलमातील ‘वचन देऊन’ हे शब्द नीट लक्षात घ्या. किंमत पुढे मिळावयाची असली तरी विक्री पुरी होऊ शकते. सुरत येथील शेतजमिनीच्या एका प्रकरणात २००९ मध्ये सुमारे १ कोटी ७४ लाख रुपयांचे खरेदीखत झाले. आपणास फक्त ४० हजार रुपये मिळाले, बाकीचे धनादेश खोटे ठरले, अशी तक्रार घेऊन विकणारे २०१४ मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की, किंमत पुरी मिळाली नाही एवढ्याच कारणावरून नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही. राहिलेल्या रकमेसाठी मागणी करण्याचा मार्ग निराळा आहे. दावाही मुदतीबाहेर ठरला. म्हणून ‘फुल कन्सिडरेशन रिसीव्ह्ड’, म्हणजे पूर्ण मोबदला पोचला, हे वाक्य दस्तात असल्यास रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय सही करू नये.

*(आ) अॅग्रीमेंट फॉर सेल – साठेखत.* या नावात सेल हा शब्द असला तरी ही विक्री नव्हे. पुढे विक्री करण्याचा हा करार आहे. त्याच कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, अशा कराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. अर्नेस्ट मनी म्हणजे इसार. साठेखतावर जमीन घेणाऱ्याने खरेदीखत लांबवू नये. दुसरा पक्ष टाळाटाळ करू लागला तर खरेदीखत करून मिळण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत करावा लागतो. तारीख ठरलेली नसेल, तर नकार कळल्यापासून ही ३ वर्षे मोजतात.

*(इ) गिफ्ट डीड – बक्षीसपत्र.* स्वखुशीने व मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता म्हणजे गिफ्ट. दस्त नोंदणीकृत असावा लागतो, त्यावर किमान दोन साक्षीदार लागतात, आणि देणारा जिवंत असतानाच घेणाऱ्याने ती स्वीकारावी लागते. अक्सेप्टन्स म्हणजे हा स्वीकार. येथेही संपूर्ण मोळी जाते, आणि तीही आजच जाते. मुलाशी पुढे पटले नाही म्हणून बक्षीसपत्र आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही.

वयस्कर आईवडिलांनी येथे फार जपून राहावे. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली असेल आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. मात्र ही अट दस्तातच लिहिलेली असावी. ‘घरचीच माणसे आहेत, अट कशाला लिहावयाची’ असे म्हणून ती गाळू नये.

*(ई) विल – मृत्युपत्र.* विल म्हणजे इच्छा. येथे सही केली तरी दुसऱ्या दिवशी चारही एकर आपलेच असतात. ते आपण कसू शकतो, विकूही शकतो, आणि विल केव्हाही बदलू शकतो. ते आपल्या मृत्यूनंतरच अमलात येते. त्यावर दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवणे हिताचे. ‘बिक्वीथ’ हे क्रियापद दिसले तर विल समजावे, ‘गिफ्ट’ किंवा ‘कन्व्हे’ दिसले तर जमीन आजच चालली असे समजावे. मुसलमान कुटुंबांत बक्षीस व मृत्युपत्र यांचे नियम काही बाबतीत वेगळे आहेत. त्यांनी त्याप्रमाणे सल्ला घ्यावा.

*(उ) रिलीज डीड – हक्कसोडपत्र.* रिलीज म्हणजे सोडणे. सामाईक जमिनीतील आपला हिस्सा सहहिस्सेदाराच्या लाभात सोडून देणे असा त्याचा अर्थ. वडिलांच्या पश्चात बहिणींकडून सही घेतली जाते ती बहुधा याच कागदावर. ‘फक्त नाव कमी करावयाचे आहे’ असे तिला सांगितले जाते. प्रत्यक्षात तिचा हिस्सा कायमचा जातो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा हक्क जन्मानेच मिळतो असे स्पष्ट केले. बहिणीने समजून उमजून हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण काय सोडले हे तिला माहीत असले पाहिजे. कोणाच्या लाभात सोडले त्याचे नावही दस्तात असावे. तलाठ्यापुढे दिलेला साधा जबाब हे हक्कसोडपत्र नव्हे. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो.

*(ऊ) पार्टिशन डीड – वाटणीपत्र, आणि एक्स्चेंज डीड – अदलाबदलपत्र.* पार्टिशनमध्ये सामाईक हक्काचे स्वतंत्र हिस्से होतात. एक्स्चेंजमध्ये एक जमीन देऊन दुसरी घेतली जाते. दोन शेजाऱ्यांच्या वहिवाटीत एकमेकांच्या जमिनी असतील तर अदलाबदल उपयोगी पडते. अशा प्रकरणांत मुद्रांक व नोंदणी शुल्कात सवलत देण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये सलोखा योजना सुरू केली. तिची मुदत व अटी तहसील कार्यालयात विचाराव्यात.

*(ए) मॉर्गेज डीड – गहाणखत.* कर्जाच्या सुरक्षिततेसाठी जमिनीतील काही हक्क धनकोला देणे म्हणजे मॉर्गेज. मोळीतील एक काडी जाते, मालकी राहते. कर्ज फिटल्यावर जमीन सोडवून घेणे म्हणजे रिडेम्प्शन. त्यानंतर बँकेकडून कर्जफेडीचा दाखला घेऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी करून घ्यावा.

*(ऐ) लीज डीड – भाडेपट्टा.* ठरावीक मुदतीसाठी, भाडे घेऊन, जमीन वापरण्याचा हक्क देणे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या लीजची नोंदणी करावी लागते. ऊर्जा कंपन्यांचे करार दीर्घ मुदतीचे असतात. त्यात पाच शब्द शोधावेत : टर्म म्हणजे मुदत, रिन्यूअल म्हणजे मुदतवाढ आणि ती कोणाच्या मर्जीवर, एस्कलेशन म्हणजे भाड्यातील वाढ, टर्मिनेशन म्हणजे करार संपविण्याची पद्धत, आणि असाइन म्हणजे कंपनीने आपला हक्क तिसऱ्याला देणे. असाइन या शब्दाबरोबर ‘विथ प्रायर कन्सेंट’, म्हणजे आपल्या पूर्वसंमतीने, असे शब्द नसतील तर उद्या आपल्या शेतात कोण असेल हे आपण ठरवू शकणार नाही.

*(ओ) पॉवर ऑफ अॅटर्नी – कुलमुखत्यारपत्र.* हे हस्तांतर नव्हे. आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार आपण दुसऱ्याला देतो. सर्वसाधारणपणे देणारा मरण पावला की तो अधिकार संपतो. खरेदीखताऐवजी मुखत्यारपत्र, साठेखत आणि विल असे तीन कागद करून जमीन ‘घेण्याचा’ प्रघात होता. त्याने मालकी मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरविले. मुखत्यारपत्र देताना ‘टू सेल’ आणि ‘टू मॉर्गेज’ हे शब्द आहेत काय ते पाहावे. केवळ शेतीची देखरेख करावयाची असेल तर हे शब्द काढून टाकावेत.

४) कर्ज म्हणून पैसे, पण कागद खरेदीचा

या धड्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. अडचणीच्या वेळी खाजगी धनको म्हणतो, ‘तारण म्हणून खरेदीखत करून द्या, पैसे फेडले की जमीन परत.’ शेतकऱ्याच्या मनात मॉर्गेज असते, कागदावर मात्र सेल असते.

कायद्यात अटीसह विक्रीने गहाण असा प्रकार आहे. त्याला इंग्रजीत मॉर्गेज बाय कंडिशनल सेल म्हणतात. आपल्याकडे अशा व्यवहाराला मुदत खरेदी म्हणतात. परंतु १९२९ मध्ये कलम ५८ ला जोडलेल्या तरतुदीप्रमाणे, जमीन परत देण्याची अट त्याच विक्रीच्या दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाऊ शकतो. अट वेगळ्या कागदावर असेल तर हा आधार मिळत नाही. तोंडी असेल तर सिद्ध करणे फार कठीण जाते. म्हणून पैसे कर्जाऊ घेत असाल तर सेल डीडवर सही करू नका. असा व्यवहार सावकारीतून यापूर्वीच झाला असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा आढळल्यास जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. मात्र त्यालाही मुदत आहे, तेव्हा विलंब करू नये.

५) म्यूटेशन म्हणजे मालकी नव्हे

म्यूटेशन म्हणजे फेरफार. दस्त झाल्यावर गाव नमुना सहामध्ये नोंद होते व ती प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर नाव येते. नोंदीच्या नोटिशीवर १५ दिवसांत हरकत घेता येते, म्हणून घरी आलेली नोटीस फडताळात टाकून देऊ नये. नाव सातबाऱ्यावर आले म्हणजे मालक झालो, किंवा नाव कमी झाले म्हणजे हक्क संपला, असे मात्र नाही. म्यूटेशनची नोंद महसुलासाठी असते, ती मालकी निर्माण करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. मालकी येते दस्तातून किंवा वारसाने. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले तरी नोंदीचे स्वरूप तेच आहे.

६) सही करण्यापूर्वी

१. दस्ताचे नाव वाचा, पण नावावर विसंबू नका. आत कोणते क्रियापद आहे ते शोधा : सेल, गिफ्ट, रिलीज, बिक्वीथ, मॉर्गेज की लीज.
२. आपले नाव देणाऱ्यात आहे की घेणाऱ्यात, ते पाहा.
३. शेड्यूलमधील गट क्रमांक व क्षेत्र चालू सातबारा व आठ-अ शी ताडून पाहा.
४. कन्सिडरेशनची रक्कम, ती केव्हा व कशी मिळाली, हे लिहिले आहे काय ते पाहा.
५. इंग्रजी मसुद्याचे मराठी भाषांतर मागा आणि ते घरी आणून शांतपणे वाचा. घाई करणाऱ्याचे कारण विचारा.
६. कुळकायद्याची, वतनाची किंवा भोगवटादार वर्ग दोनची जमीन, बिगरशेतकऱ्याला विक्री व तुकडेबंदी यांबाबत निर्बंध आहेत. विसार घेण्यापूर्वी तहसील कार्यालयात चौकशी करा.
७. दस्त सहीच्या तारखेपासून ४ महिन्यांत नोंदणीस हजर करा. नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनची प्रत जपून ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अल्प उत्पन्न असणाऱ्यांना तेथे मोफत सल्ला मिळतो. महिलांसाठी उत्पन्नाची अट नाही.

स्वाध्याय

पुढील प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी मिळून द्यावीत.

१. बँकेच्या कागदावर मॉर्गेजर या शब्दापुढे कोणाचे नाव हवे?
२. आजोबांना जमीन नातवाला द्यावयाची आहे, पण हयात असेपर्यंत स्वतःकडे ठेवावयाची आहे. गिफ्ट करावे की विल?
३. ‘विदाउट कन्सिडरेशन’ असे रिलीज डीडमध्ये लिहिले आहे. बहिणीला काय मिळाले?
४. साठेखत झाले, ताबाही मिळाला. मालक कोण?

उत्तरे : (१) जमीन गहाण देणाऱ्या शेतकऱ्याचे. (२) विल. (३) काहीही नाही. तिने हिस्सा मोबदल्याशिवाय सोडला. (४) खरेदीखत होईपर्यंत मूळ मालकच.

बियाणे चुकले तर एक हंगाम जातो, पुढच्या हंगामात ती चूक सुधारता येते. दस्तातील शब्द चुकला तर पेरावयास जमीनच उरत नाही. म्हणून हे पान कापून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावे आणि कोणीही कागद पुढे केला की प्रथम ते उघडावे.